दुचाकीने दाखविलेला देश

1877 साली फ्रान्समध्ये शाळकरी मुलांसाठी एक वाचनपुस्तक प्रसिद्ध झाले. आईबापांवाचून पोरके झालेले आंद्रे आणि ज्यूल्यँ हे दोन भाऊ लॉरेन प्रांतातील फाल्सबूर हे आपले गाव सोडून निघतात आणि साऱ्या फ्रान्सची परिक्रमा करतात, एवढीच त्याची कथा. 1870-71 च्या युद्धानंतर तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात गेला होता, आणि मुलांना आपला देश शोधावयाचा होता. जी. ब्रुनो या टोपणनावाखाली ओग्युस्तिन फुइये या विदुषीने लिहिलेले ते पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या.

परंतु ज्या देशाची वर्णने मुले वर्गात मोठ्याने वाचीत, तो देश त्यांच्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी कधी पाहिलेला नसे. 1863 साली झालेल्या सरकारी पाहणीत 37,510 ग्रामघटकांपैकी 8,381 ठिकाणचे लोक फ्रेंच बोलत नाहीत असे आढळून आले होते. ब्रिटनीत ब्रेतों, पिरिनीजच्या पायथ्याशी बास्क, दक्षिणेत ऑक्सितां, अशा आपापल्या बोलीत लोकांचे व्यवहार चालत. पॅरिसहून निघणाऱ्या आगगाडीने मोठी शहरे एकमेकांस जोडली. पण पायी निघून बाजार करून दिवे लागणीच्या आत घरी परतता येईल, एवढेच सामान्य शेतकऱ्याचे जग होते.

हे जग रुंदावण्याच्या कामी दोन चाकांच्या एका साध्या यंत्राने जो हातभार लावला, त्याची आठवण आज करावयाची आहे. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला फिरविणारी साखळी असलेली आजच्या धर्तीची सायकल इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे 1885 साली स्टार्लीने बनविली. 1888 साली डनलॉपने हवा भरलेली धाव आणली, आणि 1891 साली फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी ती सहज काढता-घालता येईल अशी केली. पंक्चर काढणे हे त्यामुळे वाटसरूच्या हातचे काम झाले. 1890 साली 'तूरिंग क्लब द फ्रांस' ही प्रवासी सायकलस्वारांची संस्था निघाली. आरंभी हा सारा मामला सुखवस्तू मंडळींचा होता. 1893 साली सरकारने सायकलवर वार्षिक कर बसविला, तो ती चैनीची वस्तू म्हणूनच.

या मंडळींत सेंत-एतिएन या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावचा एक रेशीमव्यापारी होता. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. 'वेलोसिओ' या टोपणनावाने तो ओळखला जाई. 1853 साली जन्मलेल्या या गृहस्थाने 1887 साली सायकलस्वारांसाठी मासिक काढले आणि पुढे रेशमाचा धंदा सोडून सायकलींच्याच मागे आयुष्य वेचले. त्याचे गाव डोंगरांनी वेढलेले. एकाच वेगपट्टीच्या सायकलीवर चढ चढताना छाती फुटायची वेळ येई. चढासाठी एक आणि सपाटीसाठी दुसरे, असे दातेरी चक्र बदलता आले तर साधा, मध्यमवयीन माणूसही घाट ओलांडू शकेल, हे त्याने ओळखले. आधी साखळी हाताने उचलून एका चक्रावरून दुसऱ्यावर ठेवण्याची सोय त्याने केली, आणि पुढे अनेक गिअरांच्या सायकलीचा जन्मभर पुरस्कार केला.

त्यावरून जो वाद माजला तो वरवर यंत्राचा असला तरी त्याच्या मुळाशी सायकल कोणासाठी, हा प्रश्न होता. 1903 साली 'तूर द फ्रांस' ही शर्यत सुरू करणारा संपादक आंरी देग्रांज हा गिअरांचा कट्टर विरोधी. असल्या सोयी पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्याचे मत. आपल्या शर्यतीत साखळी बदलण्याच्या यंत्रणेला त्याने दीर्घकाळ थारा दिला नाही. ती परवानगी मिळाली 1937 साली. वेलोसिओ 1930 सालीच निवर्तला होता. भूक लागण्यापूर्वी खावे, थकण्यापूर्वी विसावा घ्यावा, केवळ मिरविण्यासाठी पायडल मारू नये, अशा अर्थाचा उपदेश तो आपल्या अनुयायांना करी. सेंत-एतिएनच्या वर 1,161 मीटर उंचीवर जी खिंड आहे, तेथे त्याचे स्मारक आहे. तिच्या चढावर त्याच्या नावाने 1922 सालापासून सायकलस्वारांचा मेळावा भरत आला आहे.

सावकाश जाणाऱ्याला काय दिसते? फ्रान्सच्या कोणत्याही खेड्यात शिरले की देवळाजवळ किंवा ग्रामकचेरीसमोर एक दगडी स्तंभ दिसतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लक्ष सैनिक कामी आले. 1919 नंतरच्या काही वर्षांत गावोगावी त्यांची स्मारके उभी राहिली. मोटारीतून जाणाऱ्याला हा स्तंभ म्हणजे नुसता चौकातला एक दगड. सायकलवाला पाणी प्यायला तेथे थांबतो आणि नावे वाचू लागतो. तीस घरांच्या वस्तीत वीस नावे, त्यांतली तीन एकाच आडनावाची, हे पाहिले म्हणजे हे गाव नंतर ओस का पडू लागले याचे निदान अर्धे तरी कारण कळते. क्रझ जिल्ह्यातील जांतियू या खेड्यात 1922 साली उभारलेल्या स्मारकावर विजयी शिपाई नाही. तेथे शाळकरी वेषातला एक पोरका मुलगा मूठ उगारून उभा आहे, आणि युद्धाचा धिक्कार करणारे शब्द शेजारी कोरलेले आहेत.

उत्तरेकडे आर्त्वाच्या सपाट शेतांतून जाणाऱ्या वाटेवर नव्ह-शापेल नावाचे खेडे लागते. तेथे वाटसरू भारतीय असेल तर त्याचा पाय आपोआप जमिनीला टेकेल. 1927 साली उघडलेल्या तेथील स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांची नावे आहेत. ज्यांची थडगी सापडली नाहीत असे ते सैनिक. 28 ऑक्टोबर 1914 रोजी या गावासाठी झालेल्या हल्ल्यात पुण्याजवळच्या खडकी येथे ठाणे असलेल्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या 20 आणि 21 क्रमांकांच्या कंपन्यांची मोठी हानी झाली. पूल बांधण्याचे आणि खंदक खणण्याचे शिक्षण घेतलेली ही माणसे, त्या दिवशी संगिनी घेऊन गल्लीबोळांतून लढली.

अशी ही गावे कामगारांच्या दृष्टीस पडली ती 1936 साली. लेओं ब्लूम यांच्या जनता आघाडीच्या सरकारने 20 जून 1936 च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी पंधरा दिवसांची पगारी रजा दिली. विश्रांती आणि क्रीडा हे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वे तिकिटांत चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. विरोधकांनी त्या खात्याला 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणविले. पण पॅरिसच्या कारखान्यांतून जोडपी दोघांच्या सायकलीवर बसून बाहेर पडली आणि कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. 1930 साली मार्क सांनिए यांनी पहिले तरुणनिवास उघडले होते. तशा निवासांतून स्वस्तात रात्र काढता येई. आंद्रे आणि ज्यूल्यँ यांची परिक्रमा पुस्तकात वाचलेल्या पिढीच्या लेकरांना स्वतः देश पाहण्याची सवड अशी मिळाली. तिला पुरती चार वर्षेही लाभली नाहीत. 9 जून 1940 रोजी लाग्रांज आघाडीवर मारला गेला.

पुढे मोटारी वाढल्या. खेड्यापाड्यांना जोडणाऱ्या लहान आगगाड्या तोट्यात जाऊन एकेक करून बंद पडल्या. बर्गंडीत अशाच एका मोडीत निघालेल्या लोहमार्गावरून 1997 साली जिव्री ते क्ल्यूनी हा सुमारे 44 किलोमीटरांचा सायकलमार्ग खुला झाला. फ्रान्समधील आपल्या तऱ्हेचा तो पहिला. द्राक्षमळ्यांतून, कोर्मातँच्या वाड्यावरून, तेझेच्या टेकडीखालून तो क्ल्यूनीला पोहोचतो. 910 साली स्थापन झालेल्या तेथील मठाचे 187 मीटर लांबीचे मंदिर एके काळी ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर 1798 साली ते विकले गेले आणि त्याचे दगड घरे बांधण्यासाठी काढून नेण्यात आले. आज त्याचा जेमतेम एक दशांश भाग उरला आहे.

उरलेले जपण्याची काळजी अलीकडे फ्रान्सने पुष्कळ वाहिली आहे. तांबड्या दगडाच्या कोलाँज-ला-रूज या गावच्या नगरप्रमुखांच्या पुढाकाराने 1982 साली देशातील सर्वांत सुंदर खेड्यांचा संघ स्थापन झाला. भिंती दुरुस्त झाल्या, खिडक्यांत फुले आली. पण पुष्कळ ठिकाणी घराचा मालक शहरात राहतो आणि उन्हाळ्याखेरीज दारे बंदच असतात. शाळेत मुले नसली की गाव दगडांनी तरत नाही. सायकलस्वार हा प्रश्न सोडवू शकत नाही. मात्र त्याला दर वीस किलोमीटरांवर पाणी लागते, भाकरी लागते, रात्री अंथरूण लागते. पाववाल्याचे दुकान उघडे राहण्यात त्याचा स्वार्थ आहे, आणि ते दुकान आज उघडे आहे की नाही हे त्याला दारापाशी उतरूनच पाहावे लागते.