जौहर आणि जौहरी : अतिजड मूलद्रव्यांचा शोध व वैद्यकीय उपचार

प्रस्तावना

सुरत हे जौहरींचे शहर होय. मराठीतील 'जवाहीर' हा शब्द मूळ अरबी 'जौहर' या शब्दाचे अनेकवचन आहे. उर्दूत 'जौहर' म्हणजे रत्न, सत्त्व आणि शास्त्रीय परिभाषेत अणूही. म्हणूनच अणुऊर्जेला उर्दूत 'जौहरी तवानाई' म्हणतात. सुरतेपासून सुमारे ऐंशी किलोमीटर अंतरावर, तापीकाठी काक्रापार येथे अणुवीज केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९९३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. ११ मार्च २०१६ रोजी याच संचात जडपाण्याची गळती झाली, तेव्हा 'किरणोत्सार' हा शब्द परिसरातील घराघरांत भीतीचा शब्द म्हणून पोहोचला. मात्र कर्करोगाच्या रुग्णाला हाच शब्द उपचाराचा शब्द म्हणून भेटतो. या दोन अर्थांमागील इतिहासाचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एक संशोधक, दोन वारसे

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीर न उघडता आतील हाड पाहता येऊ लागले. पुढील मोठे पाऊल अमेरिकेतील बर्कली येथे १९३० च्या दशकात पडले. ग्लेन सीबॉर्ग या तरुण रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह आयोडीन-१३१, कोबाल्ट-६० आणि टेक्नेशियम-९९एम ही किरणोत्सारी द्रव्ये शोधून काढली. आयोडीन गलग्रंथीच्या उपचारासाठी, कोबाल्ट कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडण्यासाठी आणि टेक्नेशियम शरीरांतर्गत चित्रणासाठी पुढे जगभर वापरात आले. सीबॉर्ग यांच्या आईवरही पुढे आयोडीन-१३१ चे उपचार झाले.

हेच सीबॉर्ग नंतर युरेनियमपलीकडील मूलद्रव्यांच्या शोधाचे अग्रणी ठरले. प्लुटोनियमसह अनेक नवी मूलद्रव्ये त्यांच्या गटाने तयार केली. १९५१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मॅकमिलन यांच्यासमवेत मिळाले. १०६ व्या मूलद्रव्याला 'सीबॉर्गियम' हे नाव १९९७ मध्ये, त्यांच्या हयातीतच, अधिकृतपणे देण्यात आले.

क्षणभंगुर अणू, टिकाऊ साधने

अतिजड मूलद्रव्ये निसर्गात सापडत नाहीत. एका अणुकेंद्रावर दुसरे अणुकेंद्र प्रचंड वेगाने आदळवून ती घडवावी लागतात. रशियातील दुब्ना येथे कॅलिफोर्नियमवर कॅल्शियमचा मारा करून ११८ वे मूलद्रव्य घडवण्यात आले. २०१६ मध्ये त्याला 'ओगानेसॉन' हे नाव मिळाले. त्याचे हातावर मोजण्याइतकेच अणू आजवर दिसले आणि तेही सेकंदाच्या अगदी अल्प भागातच नष्ट झाले. रुग्णाला अशा अणूचा थेट उपयोग काहीच नाही. मग हा खर्च कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात व तो रास्त आहे.

त्याचे एक उत्तर जर्मनीतील डार्मश्टाट येथे मिळते. तेथील संशोधन केंद्रात १९८१ ते १९९६ या काळात १०७ ते ११२ क्रमांकांची मूलद्रव्ये तयार झाली. जड अणुकेंद्रांना वेग देण्याची तेथे साधलेली विद्या १९९७ पासून रुग्णांसाठी वापरण्यात आली. कार्बनच्या अणुकेंद्रांचा झोत आपली बहुतेक ऊर्जा प्रवासाच्या शेवटी टाकतो. त्यामुळे खोलवरची गाठ जळते आणि वाटेतील निरोगी पेशींना तुलनेने कमी इजा होते. २००८ पर्यंत तेथे सुमारे ४४० रुग्णांवर उपचार झाले.

मुंबईची वाट

सुरत, नवसारी आणि खानदेशातील रुग्णांसाठी मोठ्या उपचाराची वाट दीर्घकाळ मुंबईला जात आली आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. पुढच्याच वर्षी परळ येथे किरणोत्सार वैद्यक केंद्र उभे राहिले आणि २००२ मध्ये तेथे देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आले.

कोबाल्ट-६० चे सामर्थ्य सव्वापाच वर्षांत निम्मे होते. म्हणजे यंत्र कितीही चांगले असले तरी त्यातील द्रव्य ठरावीक काळाने बदलावेच लागते. हे द्रव्य साध्या कोबाल्टला अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषू देऊन तयार होते. काक्रापारच्याच जातीच्या, राजस्थानातील रावतभाटा येथील भट्ट्यांत ते तयार करण्यात आले. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र विकसित केले व त्यातील पहिले २००५ मध्ये खारघर येथे बसवण्यात आले. त्याच खारघरच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही सुरू झाले आहेत.

जौहरीचा हिराही या इतिहासात आहे. हिरा म्हणजे कार्बन. किरणांना त्याचा प्रतिसाद बराचसा मानवी ऊतींसारखा असल्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा बारीक तुकडा उपचारातील किरणांची मात्रा मोजण्यासाठी वापरतात.

समारोप

या ज्ञानाची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका विद्यापीठाने विकलेले जुने उपकरण मोडण्यात आले. त्यात कोबाल्ट-६० होते. हाताळणारे कामगार होरपळले, एकाचा मृत्यू झाला. उपकरण सुशिक्षितांच्या संस्थेतून आले आणि किंमत अशिक्षित कामगाराने मोजली, ही बाब शिक्षकांनी विसरता कामा नये. 'किरणोत्सार', 'अर्धायुष्य', 'मात्रा' किंवा उर्दूतील 'ताबकारी' हे शब्द केवळ विज्ञानशाखेच्या वर्गात बंदिस्त राहिले, तर उपचार घेणारा रुग्ण नाहक घाबरेल आणि भंगार उचलणारा नाहक निर्धास्त राहील. म्हणून भाषा शिकवणाऱ्यांनीही हे शब्द अर्थासह वर्गात आणावेत. मात्रा ठाऊक असेल तरच औषध आणि विष यांतील फरक कळतो.