पिकूनही हिरवाच राहणारा टोमॅटो



टोमॅटो पिकला की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? रंगावरून. लाल दिसला की सारासाठी, हिरवा दिसला की चटणीसाठी. पण काही टोमॅटो असे आहेत, की पूर्ण पिकून गोड झाले तरी हिरवेच राहतात. त्यांचा इतिहास वाचला आणि मनात आलं, हे वाण बाजाराने नाही, घरांनी जगवले.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिमेला. त्याची लागवड बहरली मेक्सिकोत. तिथून स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकात तो युरोपात नेला. १५४४ मध्ये इटलीतले वैद्य मात्तिओली यांनी त्याची नोंद केली. इटालियन भाषेत त्याला अजूनही पोमोदोरो, म्हणजे सोन्याचं फळ म्हणतात. म्हणजे टोमॅटो लालच असायला हवा, असं सुरुवातीला कुणी ठरवलेलं नव्हतं.

ते ठरवलं बाजाराने. २०व्या शतकात अमेरिकेत देठाजवळ गडद हिरवी छटा नसलेली, सगळीकडून एकसारखी लाल होणारी फळं निवडली गेली. तोडायची वेळ लांबून ओळखू यावी, म्हणून. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की या निवडीत फळात हरितद्रव्य वाढवणारा एक जनुक निकामी झाला होता आणि त्याबरोबर साखरही कमी झाली होती. रूप मिळालं, चव गेली.

हिरव्या वाणांची गोष्ट वेगळी. टोमॅटो पिकताना हरितद्रव्य मोडतं आणि लाल रंग तयार होतो. या वाणांत हरितद्रव्य नीट मोडत नाही आणि लाल रंगही तयार होत नाही. गंमत म्हणजे मेंडेलने १८६६ च्या निबंधात ज्या हिरव्या आणि पिवळ्या वाटाण्यांचा हिशेब मांडला, तिथेही हरितद्रव्य टिकण्यामागे तसाच जनुक निघाला.

असं फळ दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक कच्चं समजून पुढे जाणार. मग विकणारा ते का पेरील? आणि बरीच वर्षं कुणीच पेरलं नाही, तर बी मरतं आणि वाण कायमचा जातो. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिलच्या रुबी अरनॉल्ड यांच्याकडे असाच एक हिरवा टोमॅटो होता. बी त्यांच्या जर्मनीहून आलेल्या आजोबांचं. त्यांनी ते जपलं, नात्यातल्यांना दिलं. पुढे बियाणं जपणाऱ्या लोकांच्या सीड सेव्हर्स एक्स्चेंज या संस्थेतून ते सगळीकडे पोचलं. आज त्या वाणाचं नावच आहे ‘आंट रुबीज जर्मन ग्रीन’, रुबीमावशीचा हिरवा. १९८३ मध्ये टॉम वॅग्नर यांनी पट्ट्यापट्ट्यांचा ‘ग्रीन झेब्रा’ आणला, तोही पिकून हिरवाच.

आपण अष्टमी-चतुर्दशीला ‘हिरवी’ सोडतो, तेव्हा लाल टोमॅटोही त्यात धरतो. हिरवी म्हणजे नुसता रंग नव्हे, हे आपल्या घरात लहानपणीच कळतं. इथेही तसंच, डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायचा.

मी पावसाळा संपता संपता दोन कुंड्यांत रोपं लावली. वेल उंच जातो, म्हणून काठीचा आधार हवाच. फळ भरलं की रोज सकाळी हळूच दाबून पाहायचं. कच्चं दगडासारखं लागतं, पिकलेलं खालच्या टोकाला किंचित मऊ. हिरव्यावर पिवळसर झाक येते, रुबीमावशीच्या वाणात तळाशी गुलाबी छटाही दिसते. फळ जरा वर उचललं की देठाच्या गाठीपाशी अलगद सुटतं. कुंडीवर लावल्याची तारीख लिहून ठेवा, अंदाज बांधायला सोपं जातं.

टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे अशा जुन्या वाणाचं बी धरलं तर पुढचं झाड बहुतेक तसंच येतं. संकरित वाणाचं तसं नसतं. चांगलं पिकलेलं फळ घ्या, बी स्वच्छ धुवा, ताटलीत सावलीला वाळवा आणि पुडीवर नाव लिहा.

तुमच्या सासरी-माहेरी वालाचं, घेवड्याचं, पडवळाचं असं कुठलं घरचं बी आहे का? असेल तर यंदा दोघी-तिघींना वाटा. एकाच डब्यात राहिलं, तर ते त्या डब्याबरोबरच जाईल.