एरियल ट्वेटो : अलास्कातील वैमानिक कुटुंबातून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर

गुढियारी (रायपूर) : एरियल ट्वेटो या अमेरिकेच्या अलास्का राज्यातील दूरचित्रवाणी कलावंत व निर्मात्या आहेत. डिस्कव्हरी वाहिनीवरील 'फ्लाइंग वाइल्ड अलास्का' या वास्तवदर्शी मालिकेमुळे त्या जगाला परिचित झाल्या. दुर्गम प्रदेशात छोटी विमाने चालविणाऱ्या, 'बुश पायलट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वैमानिकांच्या कुटुंबात त्या वाढल्या.

एरियल यांचा जन्म १९८७ मधला. बेरिंग समुद्राच्या नॉर्टन साउंड या आखातावरील युनालाक्लीट या गावी त्यांचे बालपण गेले. या गावाची लोकसंख्या आठशेच्या आत आहे. वडील जिम ट्वेटो मिनेसोटातून हॉकीच्या शिष्यवृत्तीवर अलास्कात शिकण्यासाठी आले आणि वैमानिक होऊन तेथेच स्थायिक झाले. आई फर्नो या तेथील मूळ रहिवासी असलेल्या इनुपिआट समाजातील. पुढे जिम 'एरा अलास्का' या विमान कंपनीचे मुख्य कार्यचालन अधिकारी झाले, तर फर्नो युनालाक्लीट येथील विमानतळावर कंपनीचे काम सांभाळू लागल्या.

या व्यवसायाचे महत्त्व तेथील भूगोलात आहे. अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे छत्तीसगडच्या बारा पटींहून अधिक. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७ लाख ३३ हजार. तेथील पाचपैकी चार वस्त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. औषधे, किराणा, टपाल, शिक्षक आणि रुग्ण हे सारे विमानानेच येतात-जातात. कार्ल बेन आयल्सन यांनी फेब्रुवारी १९२४ मध्ये फेअरबँक्स ते मॅकग्रा असे टपाल विमानाने नेले, तेव्हापासून ही परंपरा रुजली. आयल्सन यांचाही १९२९ मध्ये विमान अपघातातच अंत झाला.

अडथळ्यांच्या 'वाइपआउट' या स्पर्धा-कार्यक्रमात भाग घेतल्यावर एरियल यांच्या दिलखुलास स्वभावाकडे दूरचित्रवाणी क्षेत्राचे लक्ष गेले. 'फ्लाइंग वाइल्ड अलास्का' जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१२ पर्यंत तिचे तीन हंगाम प्रसारित झाले. हिमवादळे, आखूड धावपट्ट्या आणि सोसाट्याचा वारा यांबरोबरच ट्वेटो कुटुंबाचे घरगुती जीवन व एरियल यांचे विमानोड्डाणाचे शिक्षण तीत दाखविण्यात आले. प्रेक्षकांना जे साहस वाटले, ती गावकऱ्यांची रोजची वाहतूक होती, ही बाब या मालिकेने ठळक केली.

मालिकेनंतर एरियल यांनी 'पॉपिंग बबल्स' ही सेवाभावी संस्था स्थापन केली. अलास्कातील आत्महत्यांचे प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक असलेल्या राज्यांत गणले जाते आणि मूळनिवासी तरुणांमध्ये ही समस्या विशेष गंभीर आहे. गावोगावच्या मुलांशी संवाद साधणे व त्यांचा आत्मविश्वास वाढविणे हा संस्थेचा उद्देश आहे. २०२० मधील 'इन्टू अमेरिकाज वाइल्ड' या भव्य पडद्यावरील माहितीपटात त्या अंतराळवीर जॉन हेरिंग्टन यांच्यासमवेत झळकल्या.

विमानसेवेवर अवलंबून असलेल्या जीवनाची नाजूक बाजूही याच काळात समोर आली. २०१४ मध्ये 'रॅव्हन' असे नाव धारण केलेल्या एरा अलास्का कंपनीने एप्रिल २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करून उड्डाणे थांबविली आणि शंभरावर वस्त्यांच्या सेवेचा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या नोंदीनुसार २००८ ते २०१७ या काळात अलास्कातील विमान अपघातांचा दर देशाच्या उर्वरित भागाच्या २.३५ पट होता. १६ जून २०२३ रोजी शाक्टूलिकजवळ 'सेसना १८०' विमान कोसळून जिम ट्वेटो व त्यांच्यासोबतचे एक शिकार मार्गदर्शक मृत्युमुखी पडले.

भारतातही दुर्गम भागांना हवाईमार्गाने जोडण्याचा प्रयत्न 'उडान' योजनेतून सुरू आहे. बस्तरमधील जगदलपूर २०१८ मध्ये रायपूरशी जोडले गेले. खंडित झालेली ही सेवा २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. जगदलपूरला रस्त्याचा पर्याय आहे. युनालाक्लीटला तो नाही. त्यामुळे तेथे विमान न आल्यास औषधही येत नाही. ट्वेटो कुटुंबाच्या कथेचे मोल या वस्तुस्थितीत आहे.