हरवलेल्या दांड्याचा इतिहास

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जुना गार्डन ट्रॅक्टर आणि त्याच्यापुढे लावायचे बर्फ लोटण्याचे पाते विकायला निघाले, की त्यातले काहीतरी बरेचदा गायब असते. पाते असते, त्याची लोखंडी चौकटही असते. पण बसल्या जागेवरून पाते उचलणारा दांडा, ते डावी-उजवीकडे वळवणारा लांब गज आणि त्यांच्या टोकांच्या पिना गेलेल्या असतात. आधीच्या मालकाचा निष्काळजीपणा, असे याचे कारण सहज सांगितले जाते. ते मला अपुरे वाटते. हे जोडदांडे हरवणार, हे त्या यंत्राच्या रचनेत आणि ते ज्या रीतीने विकले गेले त्या रीतीत आधीच ठरलेले होते. हे एकदा मान्य केले, की ते नव्याने घडवून बसवणाऱ्या माणसाच्या कामाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

गार्डन ट्रॅक्टर हे शेतीचे यंत्र नव्हे, उपनगराचे. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरकर्जाची हमी मिळाली आणि शहरांबाहेर मोठी अंगणे, लांब गाडीवाटा असलेली घरे उभी राहिली. घोडा किंवा शेतीचा ट्रॅक्टर ठेवण्याइतकी ही जमीन मोठी नव्हती आणि हाताने सांभाळण्याइतकी लहानही नव्हती. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये पाँड पितापुत्रांनी १९४६ मध्ये व्हील हॉर्स कंपनी सुरू केली ती याच गरजेवर. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये सात अश्वशक्तीचा कब कॅडेट आणला, तर जॉन डिअरने १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून आपला ११० हा ट्रॅक्टर. साउथ बेंड हे शहर मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या ओलसर थंड वाऱ्यांच्या माऱ्यात आहे. तिथे हिवाळाभर बर्फ कोसळतो. व्हील हॉर्सच्या कारखान्याबाहेरच बर्फ हटवण्याची गरज उभी होती. त्यातच अनेक शहरांत घरापुढच्या पदपथावरचा बर्फ हटवण्याची कायदेशीर जबाबदारी घरमालकावर असते, आणि नगरपालिकेच्या बर्फ लोटणाऱ्या गाड्या रस्ता साफ करताना गाडीवाटेच्या तोंडाशी घट्ट बर्फाचा बांध घालून जातात. हा बांध फावड्याने फोडणे हे कंबरडे मोडणारे काम आहे.

पण नुसते गवत कापायला एवढे महाग यंत्र कोण घेणार? म्हणून कंपन्यांनी ते बारमाही यंत्र म्हणून विकले: वसंतात माती भुसभुशीत करायची, उन्हाळ्यात गवत कापायचे, हिवाळ्यात बर्फ लोटायचा. किंमत पटायची ती जोडअवजारांमुळे, आणि जोडअवजारे सुटसुटीत काढता-घालता आली पाहिजेत, यावर सगळा भर होता. व्हील हॉर्सने १९६०च्या दशकात ‘टॅच-अ-मॅटिक’ नावाने अशीच झटपट जोडणी मिरवली. माझ्या मते हरवण्याचे मूळ इथेच आहे. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या पोटाखाली गवत कापायचे यंत्र टांगलेले असते. हिवाळ्यात ते काढून त्याच जागी पात्याची चौकट अडकवतात आणि ती उचलण्याचे काम गवताचे यंत्र वर-खाली करणारा तोच लिव्हर करतो. त्यामुळे लिव्हर आणि पाते यांच्यामधला गज धड ट्रॅक्टरचाही नाही आणि धड पात्याचाही नाही. थंडी संपली, पाते शेडच्या मागे गेले आणि गज भिंतीला टेकवून ठेवला. वीस वर्षांनी ट्रॅक्टर एकाने नेला, पाते दुसऱ्याने. गज कोणीच नेला नाही, कारण पाहणाऱ्याला तो भंगारातला तुकडाच वाटला.

यावर कोणी म्हणेल, मग गवत कापण्याच्या यंत्राचे दांडे असे का हरवत नाहीत? कारण ते यंत्र हंगामभर दर आठवड्याला वापरात असते, आणि बरेच जण ते वर्षभर काढतच नाहीत. पाते मात्र वर्षातून मोजके दिवस लागते, आणि बर्फ कमी पडलेल्या वर्षी तेवढेही नाही. त्यात मापांचा प्रश्न आहे. आखूड आणि लांब चौकटीच्या ट्रॅक्टरांना वेगवेगळ्या लांबीचे जोडकाम लागते, तेव्हा एकाच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा गज चालेलच असे नाही. शिवाय मालकही बदलले. कब कॅडेट १९८१ मध्ये एमटीडी या कंपनीकडे आणि व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो या कंपनीकडे गेली. नव्या मालकाने जुन्या पात्याचा गज कोठारात सांभाळून ठेवावा, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

संग्राहकांचा आक्षेप असा, की मूळ भागच शोधून बसवावा, घरी बनवलेला दांडा म्हणजे यंत्राशी बेइमानी. मला हे पटत नाही. मूळ भाग तरी काय होता? बाजारात मिळणारी पोलादी पट्टी आणि गोल गज, वाकवून, भोके पाडून, टोकाला पिन घालून केलेला. गॅरेजमध्ये बसून हेच काम करणारा माणूस कारखान्याच्याच पद्धतीने काम करतो. मात्र लांबी जुळवली की काम झाले, असे समजणाऱ्याचा दांडा पहिल्याच हिवाळ्यात वाकतो, कारण मूळ रचनेतला विचार त्याने पाहिलेला नसतो. उचलण्याच्या दांड्यात लांबट खाच असते. तिच्यामुळे लिव्हर स्थिर असतानाही पाते जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होते. खाचेऐवजी साखळी लावली तर पाते असे तरंगते, पण गोठलेल्या थरावर ते दाबून धरायचे म्हटले तर साखळी कामाची नाही. पाते वळवणाऱ्या गजाचे तर आणखी नाजूक आहे. अनेक पात्यांत बर्फाचा आडवा जोर गजावर येत नाही; तो पात्याजवळच्या खाचांत अडकणाऱ्या खिट्टीवर येतो आणि गज फक्त ती खिट्टी सोडवून पाते फिरवतो. खिट्टी न करता नुसता गज बसवला तर सगळा जोर त्याच्यावर येतो आणि तो धनुष्यासारखा वाकतो.

म्हणूनच घरी बनवलेला दांडा सुरक्षित नसतो, या आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पाते दगडाला किंवा पदपथाच्या कडेला अडले की पुढे झुकून वाचावे म्हणून त्याला स्प्रिंग असते. ती गायब असताना नुसते दांडे बसवून काम चालवणे धोक्याचेच. पण याचा अर्थ दांडा घडवूच नये असा होत नाही. आधी पात्याखाली फळी ठेवून आणि लिव्हर मधोमध आणून भोक ते भोक माप घ्यावे, आटेवाल्या गजाने लांबी कमी-जास्त करून पाहावी, आणि पाते पुरते उचलले व टेकले जाते याची खात्री झाल्यावरच कायमचा दांडा करावा. बर्फ उडवणारे यंत्र घेतले की प्रश्नच मिटतो, असेही म्हटले जाते. जानेवारी १९६७ मध्ये शिकागोत पडला तसा २३ इंच बर्फ असेल तर ते खरे, कारण लोटलेला बर्फ ठेवायला पात्यापुढे जागाच उरत नाही. नेहमीच्या तीन-चार इंच बर्फाला आणि खडीच्या वाटेला मात्र पातेच बरे. उडवणारे यंत्र बर्फाबरोबर खडीही फेकते.

जुने ट्रॅक्टर रंगवून प्रदर्शनात मांडणाऱ्यांकडे ज्ञानाचा मोठा साठा आहे, पण त्यांचे लक्ष इंजिनावर आणि रंगाच्या छटेवर असते. ज्यांच्याकडे पाते आणि जोडदांडे दोन्ही शाबूत आहेत, त्यांनी प्रत्येक दांड्याची लांबी, जाडी, भोकांमधले अंतर आणि तो कोणत्या मॉडेलचा आहे हे कागदावर उतरवून इतरांना द्यावे, आणि हिवाळा संपल्यावर ते दांडे तारेने पात्यालाच बांधून ठेवावेत.