बाईकचा सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स

मागच्या शनिवारी बोरिवलीहून भाच्याचा फोन आला. पठ्ठ्याने सेकंडहँड बाईक घेतलीय, १२५ सीसी. "मामा, सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स कुठला रे?" सॉफ्टवेअरवाल्या मामाला असलं सगळं माहीत असतं असा घरच्यांचा समज आहे. रात्री सांगतो म्हटलं, आणि नेहमीप्रमाणे उत्तर शोधायचं सोडून इतिहासात शिरलो.

स्वस्तातला म्हणजे अर्थातच 'थर्ड पार्टी'. पहिली पार्टी आपण, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो, ज्याला आपली गाडी धडकली. मूळ कल्पना इंग्लंडची. धडक देणारा कफल्लक निघाला की जखमी माणसाच्या हाती काही लागायचं नाही, म्हणून तिथे १९३० च्या कायद्याने हा विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे मोटार वाहन कायदा आला १९३९ साली, पण त्यातलं विम्याचं प्रकरण सात वर्षं बाजूला ठेवलं होतं. ते लागू झालं १ जुलै १९४६ ला. म्हणजे आरटीओच्या बाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेला एजंट जो कागद 'फक्त पोलिसांना दाखवायला' म्हणून विकतो, तो स्वातंत्र्याच्याही आधीचा आहे! आणि तो पोलिसांसाठी नाही, परक्या माणसासाठी आहे.

१ जानेवारी १९७३ ला जनरल इन्शुरन्सचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्यांच्या चार झाल्या. त्यातली न्यू इंडिया आपल्या मुंबईची, १९१९ साली सर दोराबजी टाटांनी काढलेली. चारही सरकारी आणि दर ठरलेले, त्यामुळे घासाघीस करायची सोयच नव्हती. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या, तरी मोटारीच्या विम्याचं दरपत्रक सगळ्यांना एकच राहिलं. तेव्हा पैसे वाचवायचा सरळ उपाय एकच होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाळायचा.

मी तेच केलं होतं. २००२ च्या दरपत्रकात मुंबई 'अ' झोनमध्ये होती. १५० सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या बाईकला तिच्या ठरलेल्या किमतीवर १.७०८ टक्के. माझ्या बाईकची किंमत घसारा वजा जाता २४ हजार धरली होती. करा हिशोब, ४१० रुपये. एवढे वाचवून मी खूश!

मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. साकीनाक्याला ऑफिसच्या खाली लावलेली बाईक हँडलपर्यंत बुडाली आणि मी असल्फ्यावरून चालत घाटकोपरला घरी पोचलो. पुढच्या आठवड्यात कागद काढून वाचला (त्याआधी कधी वाचला नव्हता). पुराचं नुकसान 'ओन डॅमेज' मध्ये येतं. माझ्याकडे तेच नव्हतं. गाडी शेवटी भंगारात दिली. असो.

पण गाडीचं दुःख काय, जुनं होतं. भाच्याला सांगण्यासारखी गोष्ट २००६ ची आहे. एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत बाईकवर मागे बसलेला माणूस धरलेला नाही. म्हणजे समोरून चालणारा अनोळखी माणूस 'तिसरा', आणि आपल्या मागे बसलेली बायको किंवा आई कोणीच नाही! पूर्ण म्हणजे 'पॅकेज' पॉलिसीत मात्र मागचा माणूस धरलेला असतो. हे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं, तोवर कंपन्या त्यावरही कोर्टात भांडत होत्या. चालवणाऱ्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा तर बाईकला फक्त १ लाखाचा होता. तो १५ लाख झाला २०१८ साली.

बाकी बदल भराभर सांगतो. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर मोकळे झाले, म्हणून आता वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे ताडून बघण्यात अर्थ आहे. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारच ठरवतं. ७५ ते १५० सीसीला १ जून २०२२ पासून वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. त्यामुळे 'सगळ्यात स्वस्त थर्ड पार्टी कुठे' हा प्रश्नच फुकट. लोक दुसऱ्या वर्षी रिन्यूच करत नाहीत, म्हणून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या बाईकला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. आणि सेकंडहँडवाल्यांनो, नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही.

रात्री भाच्याला फोन केला. एवढं सगळं सांगितल्यावर म्हणाला, "मामा, आकडा सांग ना."

मी विचारलं, "आई स्टेशनला कशी जाते हल्ली?"

"माझ्या मागे बसून. का?"

रविवारी दोघांनी बसून चार कंपन्यांचे पॅकेजचे आकडे काढले.