मुस्लिम सत्यशोधक मंडळ

मुस्लिम समाजात धर्मनिरपेक्ष सुधारणा व्हावी यासाठी हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन केलेली संघटना. तत्पूर्वी, १८ एप्रिल १९६६ रोजी, तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे या मागणीसाठी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा दलवाईंनी मुंबईच्या विधिमंडळावर नेला होता. सात जणींचा मोर्चा एरवी कोणी हिशेबातही धरला नसता. पण त्यामुळे तलाकची झळ बसणाऱ्या बायकाच पहिल्यांदा रस्त्यावर दिसल्या. पुढे मंडळाला धर्मगुरूंचा विरोध झाला, तो अपेक्षितच होता. खरी कोंडी केली ती राज्यकर्त्यांनी. समाजाचा प्रतिनिधी कोण, हे ते मतांच्या हिशेबाने ठरवतात. उदाहरणार्थ, तलाक मिळालेल्या इंदूरच्या शाहबानो यांना उच्च न्यायालयाने दिलेली दरमहा १७९ रुपये २० पैशांची पोटगी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८५ मध्ये कायम केली. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने देशभर रान उठवले, दबावाखाली खुद्द शाहबानोंनी निकाल नाकारला आणि १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून निकालातली हवाच काढून घेतली. निकालाची बाजू लोकसभेत मांडलेल्या आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडले.

दलवाई नास्तिक होते, म्हणून समाजाने त्यांना झिडकारले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे; दफनाऐवजी दहनाचा त्यांचा आग्रह श्रद्धावंतांना रुचणे शक्यच नव्हते. पण कुराणाच्या आधारे सुधारणा मांडणाऱ्या असगर अली इंजिनिअर यांनाही बोहरा धर्मपीठाला आव्हान दिल्याबद्दल बहिष्कार आणि हल्ले सोसावे लागले. तेव्हा श्रद्धा असणे हे काही चिलखत नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा टीकेमुळे हिंदुत्ववाद्यांच्या हाती कोलीत मिळते. मंडळ स्थापन होऊन दोन महिने होत नाहीत तोच भिवंडी-जळगावची दंगल झाली. भेदरलेल्या समाजाला आत्मपरीक्षण करायला सांगणे अवघडच. मात्र दलवाईंनी हिंदू पुनरुज्जीवनवादही तितक्याच ठामपणे नाकारला होता. टाळ्या पडल्या त्या सोयीच्या अर्ध्या भाषणाला. ऐकणाऱ्याच्या या लबाडीसाठी बोलणाऱ्याने गप्प बसायचे, तर तलाक मिळालेल्या बाईने दंगली थांबेपर्यंत थांबायचे काय? अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा जोडली. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, हा प्रश्न तेव्हा अनेक सुधारकांनीच विचारला. बहुपत्नीत्वबंदीची १९६६ ची मागणी या कायद्यात आली नाही.