पूर्णेकाठचा भाला आणि घरचं जाळं

मंडळी, मासेमारीचा इतिहास म्हटला की आपण कोकणाकडे बघतो. आम्ही आज वऱ्हाडात, पूर्णेकाठी थांबणार आहोत.

आधी भाला. भाल्याला मासा दिसावा लागतो, आणि दिसतो तिथे तो नसतोच! पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरायचा. आता पूर्णा वाहते काळ्या मातीतून; पावसाळ्यातल्या त्या गढूळ पाण्यात भाला काय करणार? निवळ पाण्यासाठी वर मेळघाटात, सिपनेच्या खडकाळ डोहांकडे जावं लागतं. मैदानातल्या भोयांची भिस्त जाळ्यावर, त्याचं अर्धं कारण ही मातीच असावी, असं आम्हाला वाटतं.

आणि जाळं म्हणजे घरचाच कारखाना. सूत पिळायचं, सुईने गाठी मारायच्या, प्रत्येक डोळा बांबूच्या पट्टीवर मापायचा. सूत कुजतं, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवायचं. ती पट्टी किती रुंद कापायची हे विणणाराच ठरवी. म्हणजे कोणतं पिल्लू सुटणार, तेही त्याच्याच हातात, बरं का. १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग आणि विष वापरायला बंदी घातली, आणि जाळ्याच्या मापाचे नियम करायचा अधिकार सरकारकडे दिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आलं. हलकं, न कुजणारं. भोयांनी ते घेतलं यात नवल नाही. पण तयार जाळ्याचा डोळा कारखान्यात ठरतो. घरी उरली ती दुरुस्ती. तीही जरा बदललेली: नायलॉन निसटतं, म्हणून गाठ दुहेरी घ्यावी लागते.